दुकान बोललं पाहिजे

तुळजापूरला मंदिराच्या वाटेवर कवडीची माळ घ्यायला थांबलात, तर दुकानदार गप्प बसत नाही. ही बारीक कवडीची, ही मोठ्या कवडीची. ही गळ्यात घालायला, ही देव्हाऱ्यासाठी. हिचा दोरा पक्का आहे, ओढून बघा. गिऱ्हाईक अंध असेल तर तो माळ सरळ त्याच्या हातात देतो आणि भाव दोनदा सांगतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. दुकान म्हणजे निम्मा माल आणि निम्मं बोलणं, हे त्याला बापजाद्यांपासून माहीत असतं.

तेच दुकान इंटरनेटवर चढलं की बोलणं गळून जातं आणि नुसता माल उरतो. माळेचा फोटो, खाली '१ नग', शेजारी गाडीचं चित्र असलेलं एक बटण. ज्याला दिसतं त्याचं यावर भागतं. ज्याला दिसत नाही त्याचा फोन त्या फोटोवर बोट टेकलं की म्हणतो, "इमेज, आयएमजी, दोन शून्य दोन चार, शून्य सात..." तो बिचारा फाइलचं नाव वाचत असतो, कारण वाचण्यासारखं दुसरं काही तिथं ठेवलेलंच नसतं. मग गाडीच्या चित्रावर बोट गेलं की फोन म्हणतो, "बटण". कसलं बटण, ते त्यालाही ठाऊक नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या वस्तूंना दूरचं गिऱ्हाईक मिळू लागलं आहे. कुंथलगिरीचा खवा आणि तुळजापूरची कवडीची माळ, दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मसाला, पापड, ज्वारीचे पदार्थ करणारे बचत गट व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात. काहींनी वेबसाइट काढल्या. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांची वेबसाइट बांधून देणाऱ्या पोरांसाठी आहे.

आधी गिऱ्हाइकाचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहून थोडं जास्त. धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा १६ लाख ५७ हजार होती. राज्याचं प्रमाण इथं लावलं तर आकडा चाळीस हजारांच्या पुढं जातो. हिशेब ढोबळ आहे, पण भूम शहरात राहतात त्यापेक्षा ही माणसं जास्त आहेत. त्यात उमरगा-लोहारा भागाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. भूकंपाच्या ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या अनेकांना कण्याची, हातापायांची इजा जन्मभर पुरली. शिवाय मोतीबिंदू झालेली आजी, मधुमेहानं नजर गेलेले काका, हात थरथरणारे निवृत्त गुरुजी यांच्याकडं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसतं, अडचण मात्र तीच असते. बाजारात जाणं ज्याला सगळ्यात अवघड, त्यालाच ऑनलाइन दुकान सगळ्यात जास्त उपयोगी. आणि आपण दार नेमकं त्याच्याच तोंडावर लावून घेतो.

फोटोखाली काय लिहायचं

अंध माणूस फोन कसा वापरतो हे आधी समजून घ्या, मग बाकीचं आपोआप सुचेल. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आणि आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' नावाची सोय मुळातच असते. संगणकावर 'एनव्हीडीए' हा मोफत कार्यक्रम चालतो. तो ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केला. यांना स्क्रीनरीडर म्हणतात. स्क्रीनवर बोट उजवीकडं सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. ते मराठीही वाचतात. पण खात्रीनं वाचतात ते अक्षर, चित्र नाही.

म्हणून प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर द्यायचा. वेबसाइटच्या बहुतेक तयार व्यवस्थांमध्ये फोटो चढवताना त्यासाठी एक रकाना असतो, आणि तो बहुतेकजण मोकळा सोडतात. तिथं काय लिहावं? जे तुम्ही समोरच्या गिऱ्हाइकाला बोलला असता तेच. 'पेढा फोटो' हे काही बोलणं नव्हे. 'खव्याचे तपकिरी पेढे, अर्धा किलोच्या पुठ्ठ्याच्या डब्यात, वरून पारदर्शक झाकण' हे बोलणं झालं. 'सुंदर, आकर्षक, मनमोहक' हे शब्द मात्र वाया जातात. असल्या शब्दांवर डोळस गिऱ्हाईकही विश्वास ठेवत नाही. नुसत्या नक्षीचं किंवा रांगोळीच्या पट्टीचं चित्र असेल, तर तो रकाना मुद्दाम रिकामा ठेवून चित्र सजावटीचं आहे अशी नोंद करायला सांगा, म्हणजे स्क्रीनरीडर ते सोडून पुढं जातो.

आपल्याकडं याहून मोठा घोळ दरपत्रकाचा आहे. दिवाळी आली की डीटीपीवाल्याकडून फराळाचं रंगीत दरपत्रक करून घ्यायचं आणि ते चित्र म्हणून टाकून द्यायचं. चकली, शेव, अनारसे, सगळ्यांचे भाव त्या एका चित्रात कोंडलेले. स्क्रीनरीडरला त्यातलं अक्षर खात्रीनं मिळत नाही. चित्र खुशाल टाका, पण त्याखाली तेच दर टाइप करून द्या. व्हॉट्सॲपवर फोटोला पर्यायी मजकुराचा वेगळा रकाना नाही, म्हणून तिथं फोटोखालच्या ओळीतच नाव, वजन आणि भाव लिहायचा. टाइप करताना युनिकोड वापरा. जुन्या छपाईच्या फॉन्टमधला मजकूर वेबसाइटवर चिकटवला तर वरून तो छान मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो, आणि स्क्रीनरीडर तो कचराच वाचून दाखवतो. मजकूर तपासायचा असेल तर त्यातली एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये टाका. मराठीच राहिली तर ठीक.

वेबसाइट बांधणाऱ्याला आणखी एक गोष्ट निक्षून सांगा: पानाची भाषा मराठी म्हणून नोंदव. ही एका ओळीची नोंद आहे. ती नसली किंवा तिथं इंग्रजी असं राहून गेलं, तर तुमचा 'शेंगदाणा चटणी' हा शब्द साहेबी उच्चारात ऐकू येतो किंवा येतच नाही.

आणि इमोजी जरा आवरा. वस्तूच्या नावापुढं पाच वेळा जोडलेले हात आणि तीन वेळा ज्वाळा टाकल्या, तर स्क्रीनरीडर प्रत्येकाचं नाव वाचतो. गिऱ्हाईक पेढ्यापर्यंत पोचायच्या आत आठदा अडखळतं.

हळद, कुंकू आणि भगवा

देवीच्या जिल्ह्यात दुकान असलं की रंग ठरलेले: पिवळा, लाल, भगवा. दिसायला ते शोभतातही. पण ज्याची नजर अंधूक आहे, त्याला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक लागतो. वेबसाइटच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या अक्षरांसाठी हा फरक किमान ४.५ ला १ आणि मोठ्या ठळक अक्षरांसाठी ३ ला १ असा ठरवला आहे. आपले रंग या मापात बसतात का ते मी मोजून पाहिलं. गडद भगव्यावर पांढरी अक्षरं: जेमतेम २.१. भडक पिवळ्यावर भडक लाल: ३.७. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं तर जवळजवळ अदृश्यच, १.१. आता थोडं बदला. त्याच पिवळ्यावर कुंकवासारखा गडद, काळपट लाल घेतला तर फरक १० च्या पुढं जातो. भगव्यावर पांढऱ्याऐवजी काळं घेतलं तरी जवळजवळ तितकाच. म्हणजे देवीचे रंग सोडायची गरज नाही, कुंकू नीट निवडायचं. असा फरक मोजणारी साधनं इंटरनेटवर मोफत आहेत. दोन रंग टाका, आकडा येतो.

रंगानंच सगळं सांगू नका, हे मात्र वेगळं लक्षात ठेवा. हिरवा ठिपका म्हणजे माल आहे, लाल ठिपका म्हणजे संपला, असं केलं तर लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसाला दोन्ही ठिपके सारखेच. अशी माणसं पुरुषांमध्ये बरीच असतात. 'शिल्लक आहे', 'संपला' हे शब्द लिहायला किती जागा लागते?

मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडता कामा नये. मराठीत एक खास अडचण आहे. दोन ओळींतलं अंतर कमी ठेवलं, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. 'का' आणि 'की' एकच दिसतात. इंग्रजीसाठी बांधलेल्या साच्यात मराठी ओतताना हे हमखास होतं. ओळींना मोकळी जागा द्या.

भक्तिसाहित्याच्या दुकानांना आणखी एक हौस असते: पान उघडताच संबळ वाजू लागतो. संबळाला माझी ना नाही. पण अंध माणसाला पान वाचून दाखवणारा आवाजही त्याच स्पीकरमधून येत असतो. संबळाच्या तालात त्याला ना भाव ऐकू येतो, ना संबळ बंद करायचं बटण सापडतं. गाणं ठेवायचंच असेल तर ते गिऱ्हाइकानं बटण दाबल्यावर वाजू द्या.

भाव, पत्ता, पैसे

सवलतीचा भाव आपण कसा दाखवतो? ५०० वर काट मारून शेजारी ४००. बहुतेक स्क्रीनरीडर काट आपणहून ऐकवतीलच असं नाही. ते म्हणतात, "पाचशे, चारशे." यातलं देणं कोणतं? 'मूळ किंमत ५०० रुपये, आताची किंमत ४०० रुपये' असं शब्दांत लिहा. खव्यासारख्या नाशवंत मालाला वजन, बनवल्याची तारीख आणि किती दिवस टिकतो हेही मजकुरात हवं. डब्यावरच्या शिक्क्याचा फोटो टाकून भागत नाही.

ऑर्डरचा फॉर्म ही खरी खिंड. फिक्या राखाडी अक्षरांत रकान्याच्या आतच 'पिन कोड' लिहिलेलं असतं आणि टाइप करू लागलं की ते गायब होतं. अंध माणसाला आणि विसराळू माणसाला, दोघांनाही मग कळत नाही की हा रकाना कशाचा होता. रकान्याचं नाव रकान्याबाहेर, वर, कायमचं असू द्या, आणि ते रकान्याशी जोडायला वेबसाइटवाल्याला सांगा. चूक झाली तर नुसती लाल चौकट नको. 'पिन कोडमध्ये सहा अंक हवेत, तुम्ही पाच लिहिले' असं सांगा.

जिल्ह्याच्या यादीची गंमत तर आपल्याच वाट्याला आली आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, पण तयार यादी जुनी असेल तर तिथं अजून उस्मानाबादच असतं. डोळस माणूस यादीवरून नजर फिरवून शोधतो. स्क्रीनरीडरवाला एकेक नाव ऐकत जातो. 'ध' मध्ये सापडलं नाही तर त्याला वाटतं, हे दुकान आपल्याकडं माल पाठवतच नाही. यादीत 'धाराशिव, पूर्वीचं उस्मानाबाद' असं लिहा. त्याहून सोपं म्हणजे ४१३५०१ किंवा ४१३६०१ असा पिन कोड टाकला की जिल्हा आपोआप भरला जाईल अशी सोय करून घ्या.

बटणं मोठी हवीत आणि एकमेकांपासून सुटी. हात थरथरणाऱ्या माणसाचं 'ऑर्डर करा' वरचं बोट शेजारच्या 'काढून टाका' वर पडलं, तर तो पुन्हा येत नाही. 'दहा मिनिटांत घ्या नाहीतर ऑफर संपेल' अशी उलटी घड्याळं लावू नका. हळू वाचणाऱ्या, हळू टाइप करणाऱ्या माणसाला त्यांचा धाक बसतो, आणि माल विकायला धाक लागत असेल तर मालाचंच काहीतरी बिनसलं आहे. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारी परीक्षा शक्यतो ठेवूच नका.

पैसे घेताना नुसतं क्यूआर कोडचं चित्र दाखवून थांबू नका. ज्याच्या हातातल्या फोनवरच ते चित्र आहे, त्यानं ते स्कॅन कशानं करायचं? ही अडचण डोळसांचीही आहे. सोबत यूपीआय आयडी अक्षरांत लिहा आणि थेट पैसे देण्याचं बटण ठेवा. माल हाती आल्यावर रोख देण्याचा पर्यायही असू द्या. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं मोफत ॲप काढलं. ते कॅमेऱ्यातून नोट ओळखून किती रुपयांची ते बोलून सांगतं. अंध गिऱ्हाईक दारात फोन काढून नोट तपासत असेल तर पार्सल देणाऱ्यानं घाई करू नये, एवढं त्याला सांगून ठेवा.

आता उलट बाजू. इथपर्यंत मी बोला, बोला म्हणत आलो. कर्णबधिर गिऱ्हाइकासाठी मात्र तोंडचं बोलणं आवरायचं असतं. आपल्याकडं पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीजवळ', आणि उरलेला पत्ता फोनवर. पार्सलवाला फोन करतो, पलीकडून उत्तर येत नाही, तो 'ग्राहक उपलब्ध नाही' लिहून माल परत पाठवतो. फॉर्ममध्ये एकच चौकोन वाढवा: 'फोन करू नका, मेसेज करा.' आणि ती सूचना पार्सलच्या चिठ्ठीवर छापली जाईल असं बघा. ऑर्डर पक्की करायला, तक्रार घ्यायला फक्त फोन नंबर देऊ नका. पाककृतीचा किंवा वस्तू वापरायचा व्हिडिओ टाकलात तर त्यात बोललेलं खाली अक्षरांत द्या. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, मराठी दुसरी. म्हणून परत करण्याचे नियम वकिली मराठीत नको, छोट्या वाक्यांत हवेत. त्यानं बाकीच्या गिऱ्हाइकांचंही भलंच होईल.

जादूची पुडी आणि कायदा

वेबसाइटवर एक ओळ टाका, कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह येईल आणि दुकान सगळ्यांसाठी खुलं होईल, असं सांगून तयार साधनं विकणारे भेटतील. त्यांना पैसे देण्याआधी थांबा. अशाच एका मोठ्या कंपनीनं आपलं साधन कुठलीही वेबसाइट निकषांत बसवतं असा दावा केला होता. तो फसवा ठरवून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२५ मध्ये तिच्याकडून दहा लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश काढला. फोटोत पेढा आहे की बर्फी, हे तुमच्याशिवाय खात्रीनं कोण सांगणार?

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, आणि सेवा सुगम्य करण्याची त्यातली जबाबदारी सरकारी आणि खासगी दोघांवर आहे. २०२२ मध्ये दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांनी एका खासगी आरोग्यसेवा ॲपला सुगम्यतेचे आदेश दिले, तेव्हा खासगीवाल्यांची पळवाट अरुंद झाली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत. त्याच न्यायालयाच्या ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. त्या प्रकरणाच्या मुळाशी ओळख पटवताना बँकांनी घातलेली 'डोळे मिचकावून दाखवा' ही अट होती. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या माणसानं ती कशी पाळायची? परदेशी माल पाठवत असाल तर युरोपात २८ जून २०२५ पासून ऑनलाइन दुकानांना असाच कायदा लागू झाला आहे, अगदी लहान व्यवसायांना त्यातून सूट आहे. उद्या कुणी तुमच्या मसाल्याच्या दुकानावर खटला भरेल म्हणून हे सांगत नाही. ज्याला वेबसाइट बांधायचं काम देता, त्याच्या कोटेशनमध्ये 'सुगम्यतेच्या निकषांनुसार' हे शब्द आजच लिहून घ्या, एवढंच म्हणणं. बांधून झाल्यावर दुरुस्त करणं नेहमीच महाग पडतं. आणि या कामात आपणच मागे आहोत असंही नाही. जगातल्या दहा लाख वेबसाइटची मुख्य पानं तपासणाऱ्या एका वार्षिक पाहणीत २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या. सगळ्यात जास्त सापडलेली चूक म्हणजे फिकी अक्षरं.

मोठ्या बाजारपेठेच्या ॲपवर विकत असाल तर बटणं आणि फॉर्म तुमच्या हातात नसतात. नाव, वर्णन आणि फोटो मात्र असतात. तेवढं नीट केलं तरी निम्मं काम झालं.

दुकान तयार झालं की ज्यांना रोज हे भोगावं लागतं त्यांच्याकडून तपासून घ्या. लोहारा तालुक्यात सास्तूरला दिव्यांग मुलांची निवासी शाळा आहे. तिथल्या किंवा तुमच्या जवळच्या अशा शाळेतल्या शिक्षकांना विचारा, कुणी मोठा झालेला माजी विद्यार्थी तासभर देईल का. त्या तासाचे पैसे द्या. आपण डीटीपीवाल्याला देतोच ना?

त्याआधी एक परीक्षा स्वतः द्या. आज रात्री दुकान आवरल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये सुगम्यतेचा भाग उघडा, टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि आपल्याच दुकानातून अर्धा किलो पेढा मागवून बघा. मात्र टॉकबॅकचा शॉर्टकट आधी चालू करून ठेवा. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की तो बंद होतो. नाहीतर घरातल्या पोराला उठवावं लागेल.